हत्ती घ्यायचाय, पण माहूत शोधलाय का?

पत्र असं आहे:

"सर, नमस्कार. वय 36. लातूरच्या मोंढ्यात आमची आडत आहे, गाव औसा तालुक्यात. घरी अकरा वर्षांची बोलेरो आहे. लँड रोव्हरचं वेड मला शाळेपासून. दिल्लीच्या एका डीलरकडं 2014 ची डिस्कव्हरी 4 आहे. 3 लिटर डिझेल, 88 हजार किलोमीटर पळालेली, साडेसोळा लाख म्हणतोय. माझं बजेट अठराचं. नवी असताना नव्वदच्या घरात होती म्हणे. शेत डांबरी रस्त्यापासून तीन किलोमीटर आत आहे, पावसाळ्यात पाणंदीनं ट्रॅक्टरसुद्धा फसतो, म्हणून फोर बाय फोर पाहिजेच. कंपनी आता टाटांची आहे, तेव्हा सर्व्हिसिंग लातूरला होईल असं वाटतं. दादा (वडील) म्हणायलेत, 'त्या हत्तीला चारा कोन घालनार? फॉर्च्युनर घे.' व्हिडिओत कुणी तिला रणगाडा म्हणतं, कुणी पांढरा हत्ती. ही गाडी भरवशाची आहे का, तेवढं सांगा. फोटो जोडलेत. नाव छापू नका."

आडतदार साहेब, नमस्कार.

तुमच्या प्रश्नापेक्षा दादांचा प्रश्न नेमका आहे. तुम्ही हत्तीची जात विचारताय, ते चाऱ्याचं विचारतायत. दादा असं बोलले म्हणून रागावू नका. आयुष्यभर बैल सांभाळलेला माणूस यंत्राकडंही त्याच नजरेनं बघतो, आणि या बाबतीत ती नजर बरोबर आहे.

मोंढ्यात तुम्ही काय करता? समोरचा सांगतो, सोयाबीन एक नंबर आहे. तुम्ही मान डोलावता आणि पोत्यात पोकळ सळई खुपसून तळातला नमुना बाहेर काढता. ओल बघता, माती बघता, मग भाव बोलता. गाडीच्या बाबतीत मात्र पोत्यावरचा छापा वाचूनच तुम्ही भाव करायला बसलात. 'डिस्कव्हरी भरवशाची आहे का' याला उत्तरच नाही. अमुक माणसानं वापरलेली, अमुक ठिकाणी सर्व्हिस झालेली, या या बिलांची ही एक डिस्कव्हरी भरवशाची आहे का, याला उत्तर आहे. ते काढायला दोन दिवस आणि थोडे पैसे लागतात.

आधी टाटांचं सांगतो, कारण हा गैरसमज माझ्याकडं महिन्यातून एकदा तरी येतो. टाटा मोटर्सनं 2008 मध्ये फोर्डकडून जग्वार आणि लँड रोव्हर विकत घेतल्या, 230 कोटी डॉलर देऊन. म्हणून नेक्सॉन दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपात डिस्कव्हरी उभी राहत नाही. मालक एक असला तरी वर्कशॉपं वेगळी, गाडीच्या कॉम्प्युटरमधले फॉल्ट वाचणारे स्कॅनर वेगळे, पार्टची गोदामं वेगळी. तुम्ही बघताय ती गाडी इंग्लंडमध्ये सोलिहलच्या कारखान्यात बनून आयात झालेली आहे. तिचा पार्ट लातूरच्या कुठल्याही दुकानाच्या फळीवर नाही. मागवावा लागतो, आणि येईपर्यंत गाडी उभी.

आता पैशाचं गणित. बारा वर्षांत गाडीची किंमत नव्वदवरून साडेसोळावर आली. तिच्या कॉम्प्रेसरची, इंजेक्टरची, हेडलाइटची किंमत मात्र तशी उतरलेली नाही. गाडी सेकंडहँड झाली तरी पार्ट नव्याच भावानं घ्यावे लागतात, आणि मजुरीही नव्वद लाखांच्या गाडीचीच. लोक गाडी घेताना हप्ता मोजतात, हा भाग कुणी मोजत नाही. म्हणून माझा हिशेब साधा आहे: अठराचं बजेट असेल तर गाडी बारा-तेराची बघायची. वरचे पाच वेगळ्या खात्यात टाकायचे आणि त्यांना हात लावायचा नाही. पहिल्या वर्षात त्यातले दोन-तीन जाणार असं धरून चालायचं. गेले नाहीत तर तुळजाभवानीला खण-नारळ वाहा.

तुळजाभवानीवरून आठवलं. हे सांगताना मला अजून लाज वाटते.

आठ-नऊ वर्षांपूर्वी माझ्याकडं एक परदेशी लक्झरी एसयूव्ही होती. वापरलेलीच, स्वस्तात मिळालेली. कंपनीचं नाव राहू द्या, दोष तिचा नव्हता. नवरात्रात संभाजीनगरहून तुळजापूरला निघालो, मागं बायको आणि वहिनी. मांजरसुंब्याचा घाट चढताना डॅशबोर्डवर एकामागून एक दिवे लागले. गिअरबॉक्स फॉल्ट, सस्पेन्शन फॉल्ट, ब्रेक फॉल्ट. गाडी बसली, अक्षरशः खाली बसली, आणि बंद पडली. तीस वर्षं गॅरेज चालवलेला मी माणूस. ढाब्यासमोरच्या बाजेवर बसून क्रेनवाल्याला फोन केला. तो आला, पुढची चाकं साखळीनं उचलली, मागची रस्त्यावर ठेवून ओढत निघाला. मला माहीत होतं की हे चुकीचं आहे. पण ऊन होतं, वहिनींचा उपास होता, आणि मीही 'पाच-दहा किलोमीटरचा तर प्रश्न आहे' म्हणालो. बारा किलोमीटरवर जळक्या ऑइलचा वास आला.

अशा गाड्यांना कायमचं फोर व्हील ड्राइव्ह असतं. इंजिनची ताकद ट्रान्सफर केसमधून पुढच्या-मागच्या चारही चाकांना सतत जोडलेली असते. पुढची चाकं हवेत थांबलेली आणि मागची रस्त्यावर फिरणारी, म्हणजे आतल्या गिअरांची सगळी पळापळ एकाच बाजूला. वर इंजिन बंद असल्यानं ऑइल फिरवणारा पंपही बंद. माझी ट्रान्सफर केस गेली. पुण्याला उघडल्यावर कळलं की मूळ दुखणं होतं बॅटरीचं. सात वर्षांची जुनी बॅटरी, व्होल्टेज पडलं, आणि ते पडलं की या गाड्यांतले पंचवीस-तीस कंट्रोल युनिट, म्हणजे छोटे कॉम्प्युटर, वेड्यासारखे खोटे फॉल्ट दाखवतात. बॅटरी बदलली असती तर बायको-वहिनी संध्याकाळी देवीच्या दारात असत्या. बाकीचं दुखणं मी आणि क्रेनवाल्यानं मिळून तयार केलं.

म्हणून तुम्हाला आत्ताच सांगून ठेवतो. औशात किंवा लातुरात फ्लॅटबेड ट्रक, म्हणजे चारही चाकं वर घेऊन जाणारा, कुणाकडं आहे आणि रात्री दोनला फोन उचलतो का, ते गाडी घेण्याआधी विचारून ठेवा. पुणं तुमच्यापासून सव्वातीनशे किलोमीटर आहे.

आणि शीर्षकातला माहूत हाच. गाडीच्या आधी मिस्त्री शोधा. पुणे, सोलापूर, हैदराबाद, संभाजीनगर, कुठंही असो, पण त्याच्याकडं लँड रोव्हरचा खास स्कॅनर पाहिजे, आणि या पिढीच्या किमान चार-पाच गाड्या नेहमी येत असल्या पाहिजेत. अशा माणसाला हुडकून त्याच्यासमोर चहा घेत एक दुपार काढा. त्यालाच विचारा, या गाडीत काय जातं. जो 'काही जात नाही साहेब, बिनधास्त घ्या' म्हणेल त्याच्याकडून उठा.

काय काय जातं ते थोडं मीही सांगतो.

पहिलं म्हणजे एअर सस्पेन्शन. या गाडीत लोखंडी स्प्रिंगांच्या जागी हवेच्या रबरी पिशव्या आहेत. रबर वयानं तडकतं, आणि आपल्याकडचं 42-43 अंशांचं ऊन आणि धूळ त्याला साथ देते. बारीक गळती सुरू झाली की ती भरून काढायला कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो आणि शेवटी तोच जळतो. म्हणजे पिशवीचं दुखणं वेळेत बघितलं नाही तर कॉम्प्रेसरचंही बिल येतं. हे तपासायला स्कॅनर लागत नाही, शिंप्याची टेप पुरे. संध्याकाळी गाडी सपाट फरशीवर उभी करायची, दारं बंद करून चावी काढून घ्यायची. चाकाच्या मधल्या टोपीपासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही कोपऱ्यांत मोजायचं आणि फरशीवर खडूनं लिहून ठेवायचं. सकाळी, कुणी दार उघडायच्या आत, पुन्हा मोजायचं. सगळीकडं थोडंसं सारखं उतरलं असेल तर चालतं. एकच कोपरा दोन बोटं खाली आला असेल तर त्या कोपऱ्यात गळती आहे. मग गाडी सुरू करून खालच्या पातळीवरून वरच्या पातळीवर न्या आणि कान द्या. कॉम्प्रेसर मागच्या डाव्या बाजूला, खाली असतो. तो घरघरत, धापा टाकत चालला असेल तर त्याचे दिवस भरलेत.

दुसरं इंजिन. इथं गोड बोलत नाही. या सहा सिलिंडर डिझेल इंजिनाच्या घराण्यात बेअरिंग फिरून क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनचा मुख्य फिरता दांडा, तुटल्याच्या घटना जगभर घडल्या आहेत. सगळ्यांची तुटत नाही, पुष्कळ गाड्या दोन-दोन लाख किलोमीटर निमूट चालतात. पण कुठली तुटणार हे बाहेरून सांगणारा मिस्त्री अजून जन्मायचाय. तुटली तर इंजिन बदली, आणि ते बिल तुमच्या गाडीच्या निम्म्या किमतीपर्यंत सहज जातं. मालकाच्या हातात एकच गोष्ट असते: ऑइल वेळेत, किंबहुना वेळेच्या आधी, आणि योग्य ग्रेडचं बदलणं. म्हणून ऑइलची बिलं बघायची. दर दहा हजाराला बदललेलं असेल तर मालक शहाणा होता. वीस-पंचवीस हजारांत एकदा असेल तर गाडी कितीही चकाकत असली तरी नमस्कार करून निघा. तपासायला जाल तेव्हा डीलरला बजावा, इंजिन गार पाहिजे. पोचल्यावर पहिला हात बोनेटवर ठेवा. गरम लागलं तर त्यानं तुमच्या आधी चालू करून ठेवलंय, आणि असं विनाकारण कुणी करत नाही.

टायमिंग बेल्टचं लोक किलोमीटरवर बघतात. रबराला किलोमीटर कळत नाहीत, त्याला वर्षं कळतात. बारा वर्षांच्या गाडीचा बेल्ट बदलल्याचं बिल नसेल तर तो बदललेला नाही असंच धरायचं, आणि तो खर्च किमतीतून कापायचा. या इंजिनात मागच्या बाजूला डिझेलच्या हाय प्रेशर पंपाचा दुसरा छोटा बेल्ट आहे, तो पुष्कळ गॅरेजवाले विसरतात. तुमचा मिस्त्री जाणकार आहे का, हे बघायचं असेल तर त्या मागच्या बेल्टबद्दल विचारा.

गिअरबॉक्स झेडएफ कंपनीचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक आहे. उत्तम गिअरबॉक्स. गाडीवाले सांगतात, त्यातलं ऑइल 'लाइफटाइम' आहे. कुणाचं लाइफ, ते सांगत नाहीत. खुद्द झेडएफ वापरानुसार 80 हजार ते 1 लाख 20 हजार किलोमीटर किंवा 8 वर्षांनी ऑइल बदला म्हणते. तुमच्या गाडीला दोन्ही हिशेब लागू होतात, म्हणजे तेही बिल मागायचं.

खालून टर्बोपर्यंत हात पोचत नाही म्हणून या गाड्यांत काही कामांना अख्खी बॉडी चेसिसवरून वर उचलतात. पहिल्यांदा बघाल तेव्हा पोटात गोळा येईल. मजुरी का चढते तेही तेव्हाच कळेल.

आता 88 हजार किलोमीटर. असतीलही. पण मीटर मागं फिरवणं हा धंदाच आहे, आणि तो गाडी बघणाऱ्याला सहज दिसत नाही. ब्रेकच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगचं चामडं, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड, या तीन जागा खोटं बोलत नाहीत. 88 हजारांत पेडल गुळगुळीत होत नाही. दुसरं, मीटरच्या काचेतला आकडा हीच एक नोंद नसते, फॉल्ट कोणत्या किलोमीटरला आला याची नोंद दुसऱ्या युनिटांतही राहते. पक्का स्कॅनर लावला की कुठल्या तरी कोपऱ्यात '1,41,000 ला फॉल्ट' असं सापडतं आणि डीलरचा चेहरा बघण्यासारखा होतो. चेसिस नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून नोंदी काढता येतात, विकणाऱ्यालाच सोबत घेऊन त्या काढा. आणि स्कॅन दोनदा करायचा. एकदा पोचल्यावर, एकदा तीस-चाळीस किलोमीटर चालवून आल्यावर. सकाळी पुसलेले फॉल्ट दुपारी परत येतात.

चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच मापाचे आणि साधारण सारखेच झिजलेले पाहिजेत. ही हौस नाही. कायमच्या फोर व्हील ड्राइव्हमध्ये एक चाक लहान-मोठं असेल तर ट्रान्सफर केसला सरळ रस्त्यावरही सतत ओढ बसते. टायरच्या कडेला अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात: 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. चार टायरांवर चार वेगळी वर्षं दिसली तर मालकानं गाडी कशी सांभाळली ते समजून घ्या.

पुराचं सांगायलाच पाहिजे. जुलै 2023 मध्ये दिल्लीत यमुना 208.66 मीटरवर गेली, तोपर्यंतची सगळ्यात वरची पातळी. आपल्याकडं सप्टेंबर 2025 मध्ये बीड, धाराशिव, लातूरला काय झालं ते तुम्ही स्वतः बघितलंय. पाण्यात बसलेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, एरवी गुंडाळलेल्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर गाळाची रेघ राहते. सीटखालच्या रुळाचे बोल्ट बघा. कार्पेटखाली हात घाला. गाडीत अत्तराचा भपका येत असेल तर विचारा, कशावर पांघरूण घातलंय.

कागदांचं थोडक्यात, पण हे वाचल्याशिवाय टोकन देऊ नका. साडेसोळा लाखांत ही गाडी का मिळतेय? दिल्ली-एनसीआरमध्ये 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदीचा आदेश हरित लवादानं दिला आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो उचलून धरला. नंतर त्यात कोर्टात उलटसुलट झालं आहे, पण तिथला मालक या धास्तीनं गाडी काढतो आणि डीलर ती आपल्याकडं पाठवतो. किंमत कमी आहे ती या कारणानं, तुमच्यावर मेहरबानी म्हणून नव्हे. ती महाराष्ट्रात आणायची तर तिकडून ना-हरकत म्हणजे फॉर्म 28, विक्रीचे 29 आणि 30, कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि 35, आणि बारा महिन्यांच्या आत इथलं पासिंग. इथला रोड टॅक्स पुन्हा भरावा लागतो, गाडीच्या वयानुसार कमी होऊन, पण आयात गाडीला दर चढाच असतो. डीलर सांगेल तो आकडा धरू नका. लातूर आरटीओत चेसिस नंबर देऊन स्वतः विचारून घ्या. तुमच्या गाडीची पंधरा वर्षं 2029 ला भरतात. मग फिटनेस, फेरनोंदणी, हरित कर. म्हणजे एमएच 24 ची पाटी लागून तीनेक वर्षं होतायत तोवर पुन्हा आरटीओच्या दारात. विमा चौदा दिवसांत स्वतःच्या नावावर करून घ्या, आणि जुन्या चलानांची यादी सौद्याच्या दिवशीच परिवहनच्या ॲपवर बघा.

आता तुमची पाणंद. गाडी घेण्याचं कारण तुम्ही ते दिलंय, म्हणून त्यावर जरा थांबतो.

डिस्कव्हरी फोर बाय फोर म्हणून खरोखर थोर आहे. 700 मिलिमीटर पाण्यातून जाते, लो गिअर आहे, चिखल-वाळू-खडक अशी बटणं आहेत. पण ती बटणं बनवणाऱ्यांनी औशाची काळी जमीन बघितलेली नाही. आपली काळी भिजली की चाकाला साबणासारखी लागते आणि मग लाडवासारखी चिकटते. टायरच्या सगळ्या खाचा चार फुटांत भरतात आणि चाक गुळगुळीत होतं. त्यावर ही गाडी अडीच टनांहून जड. चारही चाकांना ताकद मिळाली तर ती चारही चाकं खाली जातात. मी असे दोन प्रसंग बघितलेत. दोन्ही वेळा बाहेर काढायला शेजारच्याचा ट्रॅक्टर लागला, आणि एकदा तर ट्रॅक्टरला काढायला जेसीबी. गाडी अडकली की माणूस ॲक्सिलरेटर दाबतो, चाकं खड्डा करतात, चेसिस मातीवर टेकतं, आणि हवेच्या पिशव्यांवर चिखल थापला जातो. तो वाळला की रबर घासायला तयार. तुमच्या पाणंदीला फोर बाय फोरची गरज आहे की मुरमाच्या आठ-दहा टिप्पर खेपांची, हे गावात चार जणांना विचारा. त्याचा खर्च या गाडीच्या पहिल्या सर्व्हिसिंगएवढा असेल, आणि सोयाबीनही वेळेत मोंढ्यात येईल. तोवर वापसा होईस्तोवर थांबा, जसं आजवर थांबलात.

शेतावरच्या बॅरलमधलं डिझेल या गाडीत कधी ओतायचं नाही. बोलेरोला ते पचतं म्हणून इथं चालणार नाही. या इंजिनांत डिझेल दीड-दोन हजार बार दाबानं इंजेक्टरमधून जातं. त्यातल्या जागा केसापेक्षा कितीतरी बारीक. बॅरलच्या तळाचं पाणी आणि गंज म्हणजे सहा इंजेक्टरना विष. पुढं मन बदलून बीएस 6 ची, म्हणजे 2020 नंतरची डिझेल लक्झरी गाडी बघाल तर तिला धूर स्वच्छ करायला ॲडब्लू लागतं. ते म्हणजे शुद्ध पाण्यातलं 32.5 टक्के युरियाचं द्रावण. 'युरिया तर आपल्या गोदामात पडलाय' म्हणून पोतं फोडू नका. खताच्या युरियाला 2015 पासून कडुनिंबाचं आवरण असतं. हसू नका, एकानं हे करून मला फोन केला होता, आणि तो बीएस्सी ॲग्री होता.

तर, घ्यायची की नाही?

ही गाडी, या डीलरकडून, या किमतीला: नको. दिल्लीहून येणारी, फाइल नसलेली (तुमच्या पत्रात सर्व्हिस फाइलचा उल्लेखही नाही, आणि असती तर डीलरनं पहिला फोटो तिचाच पाठवला असता), बजेटच्या काठाला टेकलेली. पासिंग आणि टॅक्स धरल्यावर तुमच्याकडं पहिल्या बॅटरीलाही पैसे उरत नाहीत.

गरज बघायची तर दादा म्हणतात तेच खरं. जुनी 3 लिटरची फॉर्च्युनर, 2016 पर्यंतची. तिला औशातला मिस्त्रीही हात लावतो. फक्त एक बघा, आपल्याकडं दारोदारी दिसणाऱ्या फॉर्च्युनरपैकी पुष्कळ टू व्हील ड्राइव्ह आहेत. मागं फोर बाय फोरचं स्टिकर कुणीही चिकटवतो. आत ट्रान्सफर लिव्हर आहे का ते बघा आणि आरसीवरचं मॉडेल वाचा. राजकारणात फिरलेली घेऊ नका, तिचा ड्रायव्हर बदलत राहतो आणि घाईत ती खड्डा बघत नाही. फोर्डची एंडेव्हर 3.2 सुद्धा दणकट, आणि डिस्कव्हरीची थोडी तरी चव देते. पण फोर्डनं 2021 मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं ठरवलं, त्यामुळं पार्ट कसे मिळतात याची आधी चौकशी करा.

पण हौसेला मी नाही म्हणणार नाही. ऑक्टोबर 2010 मध्ये आमच्या औरंगाबादच्या लोकांनी ठरवून एका दिवसात 150 मर्सिडीज घेतल्या होत्या, 65 कोटींच्या. पुण्या-मुंबईवाले आठवडाभर विचारत होते, 'मराठवाड्यात? दुष्काळात?' मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. आपण काय कायम टँकरचीच वाट बघायची? पण त्या गाड्या नव्या होत्या, वॉरंटीतल्या होत्या, आणि दीडशे जणांनी एकत्र भाव केला होता. तुम्ही एकटे आहात आणि गाडी बारा वर्षांची आहे.

म्हणून हौस करायचीच असेल तर अशी करा. बोलेरो विकू नका, ती पाणंदीला आणि अडीअडचणीला राहू द्या. लँड रोव्हर महाराष्ट्र पासिंगची बघा, पहिल्या किंवा दुसऱ्या मालकाची, आणि शक्यतो मालकाच्या घरी जाऊन. मालक गाडीबद्दल बोलताना कंटाळा येईल इतकं सांगत असेल, बिलांची जाड फाइल काढून कुठला बुश कधी बदलला ते दाखवत असेल, तर त्याला लाख-दीड लाख जास्त द्या. बिलं मोजताना फक्त बेरीज बघू नका. दरवर्षी थोडा थोडा खर्च झालेली गाडी चांगली. चार वर्षं काहीच नाही आणि विकायच्या महिन्यात एकदम रंगकाम, ही वाईट. तिथं तुमच्या माहुताला घेऊन जा, त्याची दिवसाची मजुरी आणि जेवण तुमचं. त्यानं नको म्हटलं तर पैसे वाया गेले असं वाटू देऊ नका. सहा महिने लागतील. तूर निघेपर्यंत थांबा, बाजारही तोवर कळेल.

एक राहिलं. तुम्ही पाठवलेला तिसरा फोटो पुन्हा काढा, बाजूनं घेतलेला, शोरूमच्या पांढऱ्या फरशीवरचा. फरशीची रेघ धरून पट्टी ठेवा आणि पुढच्या चाकावरची फट बघा, मग मागच्या चाकावरची. मागं हात कसाबसा जाईल एवढीच जागा दिसते. डीलरला आज फोन करून एवढंच सांगा: गाडी रात्रभर जागची हलवू नका, सकाळी 7 ला सुरू करायच्या आत याच बाजूनं एक फोटो पाठवा. पाठवला तर मला पाठवा. नाही पाठवला, तर काय कारण सांगितलं तेवढं कळवा.